सॉल्सबरी मैदान : आधी रणगाडा आला, मग नकाशा

पायदळाच्या सार्जंटला मोर्चेबंदीसाठी जागा हेरायला सांगितली, की तो काय बघतो? समोरची दरी नजरेच्या टप्प्यात हवी. आपण मात्र आकाशाच्या रेषेवर उठून दिसता कामा नये, म्हणून माथ्यावर न जाता माथ्याच्या किंचित खाली थांबायचं. माती खणायला मऊ हवी आणि तिथे पाणी साचायला नको. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या सॉल्सबरी मैदानावर या सगळ्या अटी पुरवणारी जागा पुष्कळदा एकच असते: उताराच्या वरच्या अंगाला, गवतानं झाकलेला, पुरुषभर उंचीचा गोल उंचवटा. त्याची माती मऊ असते, कारण ती माणसांनी वाहून आणून घातलेली आहे. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी, कांस्ययुगात, इथल्या लोकांनी आपली माणसं पुरून त्यांच्यावर हे ढिगारे रचले. खालच्या दरीतून ते दिसावेत म्हणून त्यांनीही बऱ्याचदा माथ्याच्या किंचित खालचीच जागा निवडली. इंग्रजीत अशा ढिगाऱ्याला बॅरो म्हणतात.

थडगं रचणाऱ्याची आणि खंदक खणणाऱ्याची नजर एकाच जागेवर पडते, हे या प्रकरणाचं मूळ दुखणं आहे. ते समजून घेतलं नाही, तर इथल्या सर्वेक्षणाला इतकी वर्षं का लागली आणि ते झाल्यावरही काम का संपलं नाही, हे कळत नाही. लष्कराच्या जमिनीवरचं पुरातत्त्वीय सर्वेक्षण म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर अहवाल येतो: जाडजूड, नकाशे जोडलेला, कुठल्यातरी कार्यालयाच्या कपाटातला. माझं म्हणणं असं, की त्या कपाटापर्यंत पोचलेलं सर्वेक्षण अर्धंच असतं. रात्री, पावसात, दिवे न लावता रणगाडा हाकणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला ‘इथून डावीकडे वळायचं नाही’ हे कळलं, तर ते पुरं झालं. सॉल्सबरी मैदानाची सव्वाशे वर्षांची हकीकत मी या एका कसोटीवर मांडतो आहे.

मैदान म्हणतात खरं, पण ते सपाट नाही. खडूच्या खडकाचं लांबच लांब, लाटांसारखं वर-खाली होत जाणारं पठार आहे. लष्कराच्या ताब्यातला भाग सुमारे ३८,००० हेक्टरांचा, जास्तीत जास्त साधारण ४० किलोमीटर लांब आणि १६ किलोमीटर रुंद. ब्रिटनमधलं हे सर्वांत मोठं लष्करी सरावक्षेत्र. स्टोनहेंज, म्हणजे प्रचंड उभ्या दगडांच्या वर्तुळाचं प्राचीन स्मारक, त्याच्या दक्षिण कडेला लागूनच आहे. खडूवर माती जेमतेम वीतभर. त्यामुळे जमिनीवर काही केलं, चर खणला, बांध घातला, घराचं जोतं उचललं, तर त्याची खूण हजारो वर्षं गवताखाली उमटलेली राहते. आणि त्याच कारणानं, ६० टनांहून जड रणगाडा ओल्या दिवसांत एकदा त्यावरून गेला आणि जागेवरच वळला, तर ती वीतभर माती सोलून निघते आणि खाली पांढराशुभ्र खडू उघडा पडतो. जपणूक आणि नासाडी, दोन्हींचं कारण तोच एक पातळ थर आहे.

लष्करानं इथे जमीन घ्यायला सुरुवात केली १८९७ साली. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं इंग्लंडच्या शेतकऱ्यांना वाईट गेली होती. अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं होतं आणि मेंढ्या चारायच्या या हलक्या जमिनींचे भाव पडले होते. युद्ध खात्याला लांब पल्ल्याच्या तोफा डागायला मोकळी जागा हवी होती. व्यवहार जमला. या खरेदीपूर्वी या जमिनीत काय आहे याची पाहणी झाली नाही. प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा १८८२ साली झाला होता, पण त्याच्या यादीत देशभरातली मोजकीच स्मारकं होती. नवल असं, की त्या कायद्याखाली नेमलेले पहिले निरीक्षक पिट-रिव्हर्स हे स्वतः लष्करातले जनरल होते. मैदानाच्या नैऋत्येला, क्रॅनबोर्न चेसमधल्या आपल्या जहागिरीत ते इंच-इंच मोजून उत्खनन करत होते. हाडं, खापरं, बांधाचा छेद, सगळं नोंदून ठेवायची शिस्त त्यांनी इंग्लंडला लावली. १९०० साली ते वारले. त्यांच्या हयातीतच, त्यांच्या घरापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, त्यांचं लष्कर जमीन घेत होतं, पण मोजणी करायची मात्र कोणाला सुचली नाही.

लार्कहिलला १८९९च्या सुमारास तंबू पडले, पुढे तोफखान्याची शाळा आली. आपल्याकडे देवळालीचं नाव घेतलं की तोफखाना आठवतो, तसं तिकडे लार्कहिल. पहिल्या महायुद्धात तर मैदानाचा हा भाग छावण्या, लोहमार्ग, विमानतळ आणि सरावाच्या खंदकांनी भरून गेला. स्टोनहेंजच्या अगदी शेजारी १९१७ साली विमानतळ उभा राहिला होता.

याच विमानांनी एक अनपेक्षित देणं दिलं. ओ. जी. एस. क्रॉफर्ड हा पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी करणारा माणूस. शत्रूचे खंदक वरून कसे दिसतात हे त्याच्या नजरेत बसलेलं होतं. १९२० साली तो ब्रिटिश भूमापन खात्याचा पहिला पुरातत्त्व अधिकारी झाला. हवाई दलाच्या लोकांनी सराव म्हणून काढलेल्या छायाचित्रांत त्याला स्टोनहेंजकडे जाणाऱ्या प्राचीन वाटेचा हरवलेला भाग दिसला. जमिनीवर उभं राहून त्याची खूणही दिसत नव्हती. १९२५च्या डिसेंबरात इन्सॉल नावाच्या वैमानिकाला स्टोनहेंजजवळच्या रानात, आत पांढऱ्या खडूच्या खुणा असलेलं एक वर्तुळ दिसलं. तिथे पुढे उत्खनन झालं आणि लाकडी खांबांच्या त्या रचनेला वुडहेंज हे नाव पडलं. हवाई पुरातत्त्व ही शाखाच मुळी बरीचशी या मैदानाच्या आसपास, लष्करी विमानांतून जन्मली. तरीही ती माहिती विद्वानांकडे गेली, सराव ठरवणाऱ्यांकडे नाही. दोन्ही कामं एकाच आकाशाखाली चालू होती आणि दोघांचे नकाशे वेगळे होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर हे प्रकरण ‘लष्करानं वाट लावली’ एवढंच उरेल, आणि ते खोटं ठरेल. विसाव्या शतकात इंग्लंडच्या खडूच्या माळरानांवरचे प्राचीन अवशेष सर्वांत जास्त नष्ट केले ते नांगरानं. दुसऱ्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली, नंतर अनुदानं आली, ट्रॅक्टर आले आणि हजारो वर्षं मेंढ्यांनी चरलेली रानं एकामागून एक नांगराखाली गेली. लष्कराच्या हद्दीबाहेर बॅरो सपाट झाले आणि जुन्या शेतांचे बांध मिटले. हद्दीच्या आत, जिथे तोफा डागल्या जात होत्या, तिथे नांगर शिरलाच नाही. हवाई छायाचित्रांत हद्दीची रेघ काही ठिकाणी इतकी स्पष्ट दिसते, की वाटतं कोणी कात्रीनं इतिहास कापला आहे: एका बाजूला गुळगुळीत शेत, दुसऱ्या बाजूला प्राचीन शेतांची जाळी. वायव्य युरोपातलं खडूवरचं सर्वांत मोठं गवताळ माळरान आज इथे शिल्लक आहे ते याच कारणानं.

मग अडचण कधी झाली? रणगाडे जड होत गेले, चिलखती वाहनांची संख्या वाढली आणि शीतयुद्धात ‘खणून बसा आणि अडवा’ हा पायदळाच्या शिकवणीचा गाभा झाला. जर्मनीच्या मैदानात सोव्हिएत रणगाडे आले तर काय करायचं, याची तालीम विल्टशरमध्ये होत होती. १९८०च्या दशकात नुकसान डोळ्यांत भरू लागलं: बॅरोवरून गेलेल्या चाकोऱ्या, बांधांत खणलेले खंदक. मग संरक्षण खातं, स्मारकांचं सरकारी खातं आणि परगण्याचे पुरातत्त्वज्ञ एका टेबलाभोवती बसले. कुठे जायचं नाही हे सांगायचं, तर आधी कुठे काय आहे हे माहीत हवं. इंग्लंडच्या ऐतिहासिक स्मारकांच्या शाही आयोगाकडे मैदानाच्या सर्वेक्षणाचं काम आलं. जमीन घेतल्याला तेव्हा जवळपास नव्वद वर्षं झाली होती.

हे सर्वेक्षण कसं झालं ते जरा तपशिलात सांगतो, कारण यात खोदकाम जवळजवळ नव्हतंच. पहिला टप्पा छायाचित्रांचा. १९२०च्या दशकापासूनची हवाई छायाचित्रं जमवून, त्यांतली प्रत्येक रेघ, प्रत्येक वर्तुळ नकाशावर उतरवायचं. दुसरा टप्पा पायांचा. गवत झोपलेलं असतं त्या हिवाळ्यात, सूर्य खाली असताना चालत निघायचं. तिरप्या उन्हात वीतभर उंचीच्या बांधाचीही सावली पडते आणि दुपारी न दिसणारं सकाळी नऊला दिसतं. मग मोजणीची यंत्रं लावून प्रत्येक उताराचा वरचा आणि खालचा काठ मोजायचा आणि कागदावर तो छोट्या निमुळत्या रेघांनी दाखवायचा. रेघेचं जाड टोक वर, बारीक टोक उताराकडे. हजारो रेघांचा तो नकाशा बघायला लागलं, की जमीन आपली हकीकत आपणच सांगू लागते. हा चर त्या बांधाला कापून गेला आहे, म्हणजे बांध आधीचा. त्या चरावर पुन्हा शेताची ताल चढली आहे, म्हणजे चर निरुपयोगी झाल्यावर कोणीतरी पुन्हा नांगर धरला. कुदळ न लावता कोण आधी, कोण नंतर हे लावता येतं. आपल्याकडे डोंगरउतारावर ताली घातलेल्या शेतांत वाढलेल्या माणसाला हे वाचन अजिबात परकं वाटणार नाही.

यातून जे हाती आलं ते थक्क करणारं होतं. एकट्या-दुकट्या थडग्यांपेक्षा कितीतरी मोठं काहीतरी. चौकोनी लहान-लहान शेतांची जाळी मैलोन् मैल पसरलेली. कांस्ययुगाच्या उत्तरार्धात खणलेले, टेकड्या-दऱ्या ओलांडत जाणारे लांबच लांब चर. त्यांतले कित्येक सिडबरी नावाच्या एका टेकडीकडे येऊन मिळतात, जणू मुलखाची वाटणी तिथे बसून ठरली होती. रोमन काळातली अख्खी खेडी, ज्यांच्या गल्ल्या आणि घरांची जोती अजून गवतात उभी आहेत. चिझनबरी वॉरनला तर गावाचा रस्ता आणि त्याच्या कडेनं लागलेली जोती इतकी नीट दिसतात, की चालताना आपण कोणाच्या अंगणातून जातो आहोत असं वाटावं. ब्रिटनमध्ये इतरत्र अशी खेडी नांगरानं केव्हाच पुसली. सगळी मिळून ज्ञात स्थळं दोन हजारांहून जास्त भरली. निष्कर्ष २००२ साली छापून बाहेर आले.

या सर्वेक्षणातला माझा सर्वांत आवडता शोध मात्र एका उकिरड्याचा आहे.

ईस्ट चिझनबरीला एक रुंद, बसकट उंचवटा होता. तो निसर्गाचाच आहे असं सगळे धरून चालले होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वेक्षकांच्या लक्षात आलं, की प्राण्यांनी उकरलेली माती काळी आहे आणि तीत खापरं आहेत. तो उंचवटा म्हणजे इ. स. पू. ८०० ते ६०० या सुमाराचा कचऱ्याचा ढीग निघाला. शेण, राख, मेंढ्यांची हाडं, फुटकी मडकी, मधूनच माणसाच्या कवटीचे तुकडे, असं पुरुषभर आणि काही ठिकाणी त्याहून जास्त जाडीचं, दीडदोनशे मीटर व्यासाचं साठवण. इतका कचरा एका वस्तीचा रोजचा नव्हे. दूरदूरची माणसं कळप घेऊन ठरावीक वेळी जमत असावीत, मोठ्या पंगती उठत असाव्यात, असा अर्थ लावला जातो. आपल्याकडच्या वाचकाला इथे कर्नाटक-तेलंगणातले नवाश्मयुगीन राखेचे ढिगारे आठवतील. जनावरांच्या शेणाचे ढीग जाळून झालेल्या त्या टेकाडांनाही बराच काळ लोक काहीतरी वेगळंच समजत होते, आणि त्यांतल्याच एकाचं, कर्नाटकातल्या बुदिहाळचं, उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं केलं. आपल्या महाराष्ट्रात तर ‘पांढरी’ हा शब्दच आहे. जुन्या वस्तीची राखाडी-पांढरी माती, तिचं टेकाड, आणि खत म्हणून ती गाड्या भरून शेतात नेणारे शेतकरी. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या खोऱ्यात जोर्वे, नेवासे, दायमाबाद ही नावं अशाच टेकाडांनी दिली. याच जिल्ह्यात रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि के. के. रेंज हे गोळीबाराचं मैदानही आहे. पांढरीचं टेकाड आणि रणगाड्याची वाट एकाच नकाशावर असणं ही आपल्यालाही परकी गोष्ट नाही, एवढंच म्हणतो.

उकिरड्याची गोष्ट एवढ्यासाठी सांगितली, की जे टेकाड निसर्गाचं म्हणून सोडलं गेलं, त्यावर खंदक खणायला हुशार सार्जंटला कोणीच अडवलं नसतं. नकाशात नसलेली गोष्ट लष्करासाठी अस्तित्वातच नसते.

आता नकाशात असलेल्या गोष्टींचं काय झालं, ते पाहू. कायदा इथे थोडा विचित्र आहे. १९७९च्या स्मारक कायद्यानुसार यादीतल्या स्मारकाला हात लावायला सामान्य माणसाला परवानगी घ्यावी लागते. सरकारी खात्यांना, म्हणजे राजमुकुटाला, तो कायदा तसाच्या तसा लागू होत नाही. पण तेवढ्याच कसाची एक समांतर संमती घ्यायची असं सरकारनं स्वतःवर बंधन घालून घेतलं आहे. कागदावर हे पुरेसं आहे. मैदानात कागद कोण वाचतो? म्हणून बॅरोंभोवती लाकडी खुंटे रोवले गेले. खणू नका, वाहन नेऊ नका, अशा चित्रांच्या पाट्या लागल्या. जड वाहनांसाठी खडी टाकून पक्के मार्ग आखले गेले, म्हणजे ठरलेल्या वाटेनं जाणंच सोपं पडावं. मला यातली ही शेवटची युक्ती सर्वांत शहाणी वाटते. थकलेल्या चालकाला बंदीची पाटी दिसेलच असं नाही, पण चांगला रस्ता त्याला आपोआप ओढून घेतो.

सगळ्यात अवघड गेलं ते शेतांच्या जाळीचं. बॅरोभोवती खुंटे रोवता येतात. पण तीन-चार चौरस किलोमीटर पसरलेल्या प्राचीन शिवाराभोवती कसे रोवणार? ठिपका वाचवता येतो, मुलूख वाचवताना मात्र रोजच्या सरावाशी तडजोड करावी लागते. सगळा मुलूख बंद केला तर सरावाला जागा उरत नाही, आणि जागा उरली नाही तर लष्कर ही जमीन का ठेवेल? ठेवली नाही तर तिथे नांगर येईल. तेव्हा कुठे अजिबात जायचं नाही, कुठे पायी जायचं पण खणायचं नाही, कुठे कोरड्या दिवसांतच वाहन न्यायचं, अशा पायऱ्या कराव्या लागतात. पुरातत्त्वज्ञाला ही वाटाघाट अपमानास्पद वाटू नये. ही वाटाघाट करता यावी म्हणूनच तर सर्वेक्षण असतं. सगळंच सारखं मोलाचं असा आग्रह धरणाऱ्याच्या हाती शेवटी फारच थोडं लागतं.

आणि एक जागा अशी, की जिथे सर्वेक्षक पोचूच शकत नाही. मैदानाच्या मध्यभागी तोफगोळे पडण्याचा पट्टा आहे. शंभराहून जास्त वर्षांचे न फुटलेले गोळे तिथे मातीत आहेत. माणूस पायी जाऊन तिथे मोजणी करू शकत नाही, उत्खननाचं नाव सोडाच. तिथे आधार हवाई छायाचित्रांचा, आणि अलीकडे विमानातून लेझर टाकून काढलेल्या उंचसखलतेच्या नकाशांचा. ज्या जमिनीवर माणूस पाय ठेवू शकत नाही तिथली प्राचीन शेतं आकाशातून दिसतात आणि त्यांच्यावर गोळ्यांचे खड्डे देवीच्या व्रणांसारखे उमटलेले असतात.

या सगळ्या जुन्या-पुराण्याच्या मोजणीत एका गावाचा उल्लेख आला नाही तर माझ्या मनाला लागेल. इम्बर. मैदानाच्या पश्चिम भागातलं छोटं खेडं. १ नोव्हेंबर १९४३ रोजी गावकऱ्यांना शाळेत बोलावून सांगितलं गेलं, की ४७ दिवसांत गाव रिकामं करा. युरोपवरच्या स्वारीसाठी अमेरिकी सैनिकांना रस्त्यांवरच्या लढाईचा सराव हवा होता. सुमारे दीडशे माणसं गेली. युद्धानंतर परत येऊ, अशीच त्यांची समजूत होती. परत येऊ दिलं गेलं नाही. १९६१ साली दोन हजारांवर लोकांनी गावात जाऊन निषेध केला, तरी नाही. आज सेंट जाइल्सचं चर्च तेवढं जपलेलं आहे आणि वर्षातल्या मोजक्या दिवशी रस्ता उघडतो. रोमन काळातल्या खेड्याची जोती आपण इतक्या मायेनं मोजली, आणि जिवंत गावाची मोजणी मात्र त्याला रिकामं करायची तारीख ठरवण्यापुरती झाली. फायरिंग रेंजसाठी जमीन जाण्याची धास्ती आपल्याकडेही पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. जमिनीच्या सर्वेक्षणात माणसांचं सर्वेक्षण धरलं जात नाही, तोवर ते मला अपुरंच वाटत राहील. सॉल्सबरी मैदानाच्या कौतुकाच्या गोष्टी सांगताना इम्बर गाळणारे लोक मला खटकतात ते यासाठी.

नव्वदच्या दशकानंतर रणगाड्यांचा त्रास बराच आटोक्यात आला, तर वेगळ्याच शत्रूनं डोकं वर काढलं: बॅजर. बिळं करून राहणारा हा प्राणी ब्रिटनमध्ये १९९२च्या कायद्यानं संरक्षित आहे. त्यालाही सार्जंटसारखीच मऊ मातीची, पाणी न साचणारी, उंचावरची जागा लागते. पाटी त्याला वाचता येत नाही. एव्हन नदीच्या खोऱ्याजवळच्या बॅरो क्लम्प या ठिकाणी बॅजर बिळांतून हाडं बाहेर फेकू लागले होते. कांस्ययुगातला ढिगारा, त्याखाली त्याआधीची वस्ती आणि त्याच ढिगाऱ्यात दोन हजारांहून जास्त वर्षांनी, इ. स. सहाव्या शतकात, जर्मनीकडून येऊन वसलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी पुरलेली माणसं, असे थरावर थर तिथे आहेत.

तिथे जे झालं त्यानं या प्रकरणाची दिशा बदलली असं मला वाटतं. अफगाणिस्तानातून जखमी होऊन, काही मनानं मोडून परतलेल्या सैनिकांना पुरातत्त्वाच्या कामात घ्यायचा एक उपक्रम २०११ साली सुरू झाला. त्याचं नाव ऑपरेशन नाइटिंगेल. संरक्षण खात्याचे पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ऑसगुड यांचा त्यात मोठा वाटा. २०१२पासून या सैनिकांनी बॅरो क्लम्पवर सॅक्सन थडगी उघडली, हाडांवरची माती ब्रशनं झाडली आणि कुठे काय सापडलं ते मोजून लिहिलं. जमिनीतला बारीक फरक ओळखायची नजर त्यांना युद्धानं दिलेलीच होती. रस्त्याच्या कडेची माती उकरलेली आहे का, रंग बदलला आहे का, हे पाहण्यावर त्यांचा जीव अवलंबून असे. तीच नजर इथे थडग्याच्या खड्ड्याची कड शोधायला वापरली गेली. ज्याच्यापासून थडगं वाचवायचं होतं, तोच आता गुडघे टेकून थडग्याशी बसला होता. अशा सैनिकाला ‘खणू नका’ची पाटी वेगळी समजावून सांगावी लागत नाही, आणि तो आपल्या पलटणीत परत गेला की तिथेही ती गोष्ट नेतो.

हा काही भावुकपणा नाही. त्याआधी काही वर्षं, २००३-०४ मध्ये, इराकमध्ये बॅबिलोनच्या प्राचीन नगरीतच अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या फौजांचा तळ पडला होता. खंदक खणले गेले, अवजड वाहनांसाठी खडी पसरली गेली आणि प्राचीन थरांतली खापरं मिसळलेली माती वाळूच्या पोत्यांत भरली गेली. खणणाऱ्यांना नगरीशी वैर नव्हतं. मातीत काय आहे हे पाहायची सवय कुणी त्यांना घरी, सरावाच्या मैदानावर, लावलेली नव्हती.

आता शेवटचा टप्पा, ज्यात क्रम पहिल्यांदा सुलटा झाला. जर्मनीतल्या ब्रिटिश फौजा मायदेशी आणायचं ठरलं, तेव्हा मैदानाच्या कडेनं लार्कहिल, बुलफर्ड आणि लुडगर्सहॉल इथे सैनिकांच्या कुटुंबांसाठी शेकडो घरं बांधायची होती. या वेळी पाया खणण्याआधी पाहणी झाली: आधी जमिनीखालचं दाखवणारी यंत्रं, मग चाचणीचे चर, मग वेसेक्स आर्किऑलॉजी या संस्थेचं सविस्तर उत्खनन. बुलफर्डला सुमारे दीडशे सॅक्सन थडगी आणि जवळच नवाश्मयुगातली जोडवर्तुळं निघाली. लार्कहिलला २०१६ साली निघाली एक तुटक चरांची वर्तुळाकार जागा, इ. स. पू. ३६५०च्या आसपासची, म्हणजे स्टोनहेंजच्या पहिल्या बांधणीच्याही सहा-सातशे वर्षं आधीची. शंभर वर्षं त्या जागेवरून पलटणी कवायत करत गेल्या होत्या.

आणि त्याच जागेत निघाले पहिल्या महायुद्धातले सरावाचे खंदक आणि खडूत कोरलेले बोगदे. फ्रान्समध्ये शत्रूच्या खंदकाखाली सुरुंग कसे लावायचे आणि त्याचे सुरुंग कान देऊन कसे ओळखायचे, हे तिथे शिकवलं गेलं होतं. जिवंत हातबॉम्ब निघाल्यामुळे पुरातत्त्वज्ञांच्या बरोबरीनं बॉम्ब निकामी करणारे तज्ज्ञ काम करत होते. सर्वेक्षणाच्या दृष्टीनं इथे एक जुना प्रश्न सुटला. १९१६चा खंदक पाच-साडेपाच हजार वर्षांच्या चराला कापून जातो, तेव्हा तो खंदक म्हणजे नुकसान, की तोही इतिहास? लार्कहिलला दोन्ही सारख्याच काळजीनं मोजले गेले, दोघांच्याही रेघा एकाच नकाशात आल्या.

बोगद्यांच्या खडूवर सैनिकांनी नावं कोरलेली होती. त्यांतलं एक वेदर्सचं. लॉरेन्स वेदर्स हा ऑस्ट्रेलियाच्या त्रेचाळिसाव्या बटालियनचा सैनिक. त्याच्या डिव्हिजननं १९१६ साली लार्कहिलला सराव केला आणि मग ती फ्रान्सला गेली. २ सप्टेंबर १९१८ रोजी पेरॉनजवळच्या लढाईत त्यानं जे केलं त्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाला, पण ती बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस तो जखमांनी वारला. लार्कहिलच्या खडूवरची त्याची अक्षरं मातीखाली गेली. ती पुन्हा दिसली ती घराचा पाया घालण्याआधी कोणीतरी जमीन पाहायला आलं म्हणून.